बंदी घालणाऱ्यांनीच जपलेला विनोद

३ जुलै १९७८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विनोदवीर जॉर्ज कार्लिन यांच्या विनोदाविरुद्ध पाच विरुद्ध चार मतांनी कौल दिला.

'क्लास क्लाउन' या १९७२च्या तबकडीत कार्लिन यांनी टीव्हीवर कधीही उच्चारता न येणारे सात शब्द मास्तरी थाटात मोजून दाखवले. त्याच वर्षीच्या जुलैत मिलवॉकीच्या जत्रेत हा भाग सादर केल्याबद्दल त्यांना अटकही झाली. तो खटला डिसेंबरात बारगळला. पुढच्या तबकडीतला याच विषयावरचा भाग ऑक्टोबर १९७३मध्ये न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएआय रेडिओने भर दुपारी लावला. मुलासोबत मोटारीतून चाललेल्या एका बापाने तो ऐकला, रेडिओवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाकडे तक्रार केली आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. रेडिओ घरात घुसतो, पोराटोरांच्या कानी पडतो, तेव्हा आयोगाने त्याला चाप लावणे गैर नाही, असे न्यायालयाने ठरवले. तबकडी मात्र सुटली. ती पैसे मोजून विकत आणायची, दार लावून ऐकायची.

शिव्या काय, कुठल्याही नाक्यावर फुकट मिळतात. कार्लिन यांची करामत यादीत होती. कोणते शब्द चालत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक, पण लिहून द्यायला कोणी तयार नाही; ते काम त्यांनी केले आणि नियमाचाच पोरखेळ उघडा पडला. आजचे बरेच विनोदवीर त्यातला शब्द उचलतात, हिशेब तिथेच टाकून देतात. पुढे हशा येतो, पण कोणाचे काही बिघडत नाही.

निकालपत्राला न्यायमूर्तींनी परिशिष्ट जोडले. त्यात तो अख्खा भाग शब्दशः, जागोजागी कंसात 'हशा' अशा नोंदींसह छापला आहे! रेडिओवर नको असलेले सातही शब्द कायद्याच्या ग्रंथालयांत कायमचे जाऊन बसले. २०१६मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने 'क्लास क्लाउन'ला राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत स्थान दिले.

या वाटेवर आधी पाऊल टाकलेल्या लेनी ब्रूस यांना एवढे सुख लाभले नाही. १९६२मध्ये शिकागोत कार्यक्रम चालू असताना पोलिसांनी त्यांना उचलले, तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या कार्लिन यांनी ओळखपत्र दाखवायला नकार दिला आणि तेही पोलिसांच्या त्याच गाडीत जाऊन पडले. १९६४मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ब्रूस यांना अश्लीलतेबद्दल दोषी ठरवले. राज्यपालांनी त्यांना माफी दिली ती २००३ साली. ब्रूस १९६६मध्येच गेले होते.