विश्लेषण : मुलांशी व्यसनाबद्दल कधी बोलायचं? दहावीत नव्हे, तिसरीत!

‘जा रे, टपरीवरून बाबांची पुडी घेऊन ये. उरलेल्या पैशांचं चॉकलेट घे.’ राज्यातल्या कितीतरी घरांत मुलाची तंबाखूशी पहिली ओळख अशी होते. त्यात ना कॉलेजची पार्टी असते, ना वाईट संगत. पुढे हाच मुलगा दहावीत गेला की आईवडील त्याला समोर बसवतात आणि ‘व्यसनांपासून लांब राहा’ असं बजावतात. तोवर अनेकदा उशीर झालेला असतो.

आकडे काय सांगतात?

२०१९ च्या ‘ग्लोबल यूथ टोबॅको सर्व्हे’नुसार देशातले १३ ते १५ वयोगटातले ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचं कोणत्या ना कोणत्या रूपात सेवन करत होते. खरा धक्का पुढे आहे. खाण्याची तंबाखू वापरणाऱ्या मुलांपैकी ५२ टक्क्यांनी ती दहाव्या वाढदिवसाआधीच तोंडात टाकली होती. बिडीसाठी हे प्रमाण ४७ टक्के, तर सिगारेटसाठी ३८ टक्के होतं.

खाण्याची तंबाखू यात सर्वात पुढे का, हे कळायला फार डोकं चालवावं लागत नाही. ती घरातच असते. विदर्भात खर्रा, कुठे मावा, कुठे नुसतीच चुना लावून मळलेली. आजीच्या डबीतली मिश्री तर दात घासायला म्हणून असते, त्यामुळे ती व्यसनात धरलीच जात नाही. पालकांची धास्ती मात्र एमडीच्या बातम्यांभोवती फिरते. ती खोटी नाही. पण घरातल्या डबीबद्दल ज्याच्याशी कधी कोणी बोललं नाही, तो मुलगा उद्या मित्राने पुढे केलेल्या गोळीबद्दल घरी सांगेल, ही अपेक्षाच भाबडी आहे.

कायदा काय म्हणतो?

१८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तर ते कोणालाच विकता येत नाहीत. मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. ई-सिगारेटच्या विक्रीवर २०१९ पासून देशभर बंदी आहे. तरी पेन ड्राइव्हसारखं दिसणारं, फळांच्या वासाचं व्हेप दप्तरात सापडतं आणि आईला ते काय आहे तेच कळत नाही.

मग बोलायचं काय?

पहिलं काम बोलण्याचं नाहीच. मुलाला पुडी, सिगारेट किंवा सोड्याची बाटली आणायला पाठवणं आजपासून बंद करायचं. का बंद केलं, हे तो विचारेलच. तिथून विषय सुरू होतो.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तीस वर्षांनी होणाऱ्या कॅन्सरची भीती वाटत नाही. त्याला तोंडाचा वास, पिवळे दात, पळताना लागणारी धाप कळते. महिन्याला पुडीवर किती पैसे गेले, हा हिशेब त्याच्याकडूनच करून घ्यावा. क्रिकेट मॅचच्या मध्ये नावाजलेला हिरो वेलची विकतो, तेव्हा त्याच नावाचं दुसरं काय मिळतं, हेही लगेच सांगता येतं. त्यासाठी वेगळं व्याख्यान नको.

मुलगा मोठा झाला की प्रश्न ‘नाही’ कसं म्हणायचं हा असतो. मित्रांत ‘आरोग्याला घातक आहे’ म्हणणारा चेष्टेचा विषय होतो. त्यापेक्षा ‘बाबा रोज तोंडाचा वास घेतात’ ही सबब चांगली. पालकांनी ती खुशाल वापरू द्यावी. वाईटपणा त्यांनी घ्यावा.

आणि कधी सापडलाच, तर हात उगारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : कुठे मिळालं, कोणासोबत घेतलं, कधीपासून? मार बसला की पुढच्या वेळी तो फक्त जास्त नीट लपवतो.

सगळ्यात अवघड घर ते, जिथे वडील स्वतः पितात. ग्लासातलं ‘मोठ्यांचं सरबत’ आहे, असली थाप पाचवीतल्या मुलालाही पटत नाही. ‘मला लागलं, सुटत नाहीये,’ असं वडिलांनीच सांगावं. दारू आणि अमली पदार्थांसाठी १४४४६, तर तंबाखूसाठी १८००-११-२३५६ या टोल-फ्री हेल्पलाइन आहेत. फोन मुलासमोर लावला तरी चालेल.