ट्रायल ड्रायव्हरने घ्यावी

बीएमडब्ल्यू थ्री सीरीज घ्यावी की मर्सिडीज सी-क्लास, हा प्रश्न मराठी मंडळाच्या अंकात कशाला, असं कोणीतरी विचारणारच. दोन्ही गाड्या ६० लाखांच्या आसपासच्या, आणि आपल्यातल्या बहुतेकांचे स्कूटीत पेट्रोल टाकतानाच वांधे. पण कॅन्टीनमध्ये या विषयावर जेवढा घसा कोरडा होतो तेवढा परीक्षेच्या आधीही होत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. आणि आमच्या घरात तर हा प्रश्न महिनाभर रोज जेवायला बसतोय. माझे पप्पा १९ वर्षं उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या मालकांकडे ड्रायव्हर आहेत, आणि साहेबांना आता या दोनपैकी एक गाडी घ्यायची आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. ज्या घरात गाडी पगारी ड्रायव्हर चालवणार, त्या घरात ट्रायल त्याने घ्यावी, आणि त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय चेक फाडू नये.

या दोन गाड्यांचं भांडण जुनं आहे. थ्री सीरीज १९७५ मध्ये आली. लहान, घरातली, पण चालवणाऱ्याला वळणावर मजा यावी म्हणून बनवलेली. मर्सिडीज तेव्हा मोठ्या, भारदस्त गाड्यांची कंपनी. तिने १९८२ मध्ये १९० नावाची छोटी गाडी काढली. लोक तिला बेबी बेंझ म्हणू लागले. आजची सी-क्लास तिचीच नात म्हणा; सी-क्लास हे नाव १९९३ पासूनचं. मग १९० ला सोळा व्हॉल्व्हचं इंजिन मिळालं, कॉसवर्थ या इंग्लिश कंपनीच्या मदतीने. बीएमडब्ल्यूने १९८६ मध्ये एम३ रस्त्यावर आणली. टूरिंग कार शर्यतीत उतरायचं तर तशाच ५,००० गाड्या वर्षभरात बनवाव्या लागायच्या, असा तेव्हाचा नियम. त्यामुळे शर्यतीतल्या गाडीची सख्खी बहीण सामान्य गिऱ्हाइकाला दुकानात मिळायची. 'स्पोर्ट्स सेडान' हा शब्द तेव्हा खरा होता.

त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मे १९८४ ची. जर्मनीत न्यूरबर्गरिंगचा नवा ट्रॅक सुरू झाला, त्या निमित्ताने मर्सिडीजने एकसारख्या १९० गाड्या उभ्या केल्या आणि नामांकित ड्रायव्हरांना शर्यतीला बोलावलं. निकी लाउडा होता, अ‍ॅलन प्रॉस्ट होता. जिंकला आयर्टन सेन्ना, वय २४, फॉर्म्युला वनमधलं त्याचं पहिलंच वर्ष. गाडी प्रत्येकाची तीच होती. मग फरक कशाने पडला, ते सांगायला नको.

आता आपल्याकडची गोष्ट बघा. भारतात थ्री सीरीज म्हणून जी प्रामुख्याने विकतात ती लांबवलेली, २०२१ मध्ये ग्रॅन लिमोझिन या नावाने आलेली. मूळ गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २,८५१ मिलिमीटर, हिचं २,९६१. हे वाढवलेले ११० मिलिमीटर मागे बसणाऱ्यासाठी आहेत. ड्रायव्हरच्या वाट्याला त्यातला एकही नाही. न लांबवलेली हवी असेल तर एम३४०आय आहे, सहा सिलिंडरवाली, पण तिची किंमत ऐकून साहेबसुद्धा गप्प बसतील. सी-क्लास पुण्याजवळ चाकणला जुळवतात. तिचं अंतर २,८६५. म्हणजे पाय पसरून बसण्याच्या शर्यतीत बीएमडब्ल्यू पुढे, जी कंपनी जन्मभर चालवण्याच्या आनंदाची जाहिरात करत आली! मी कंपनीला दोष देत नाही. आपल्याकडे एवढी महाग गाडी घेणारा बऱ्याचदा मागे बसतो, हे तिने बरोबर ओळखलंय. तरी ब्रोशरमध्ये ३३०एलआय शून्यापासून १०० पर्यंत ६.२ सेकंदांत जाते हे मोठ्या अक्षरात छापलेलं असतंच. ते ६.२ सेकंद कोणासाठी? पप्पांनी एकदा तरी ते करून दाखवले तर त्यांची नोकरी जाईल.

ट्रायलच्या दिवशी दोन्ही गाड्या फौंड्रीच्या आवारात आल्या. धाकटे साहेब चालवायला बसले, शेजारी शोरूमचा मुलगा, मागे साहेब. साहेबांशेजारी जागा होती म्हणून पप्पांना तिथे बसवलं. १९ वर्षांत मागच्या सीटवर साहेबांच्या बाजूला बसायची ही पहिलीच वेळ. पाय पसरावेत की नाही हेच त्यांना कळेना. बीएमडब्ल्यूचे ते ११० मिलिमीटर त्यांनी गुडघे जवळ घेऊन वाया घालवले.

पुढे बसले असते तर दहा मिनिटांत त्यांच्या हाताला एक गोष्ट कळली असती. आपल्या मारुती, टोयोटा, ह्युंदाईमध्ये इंडिकेटरची दांडी स्टिअरिंगच्या उजवीकडे असते. युरोपच्या गाड्यांत ती डावीकडे. बीएमडब्ल्यूत सवयीने उजवी दांडी हलवली तर कोरड्या काचेवर वायपर फिरतात, लोक हसतात, विषय संपला. सी-क्लासमध्ये उजवी दांडी गिअरची आहे. चालत्या गाडीत इंडिकेटर समजून ती ढकलली, तर गाडी न्यूट्रलमध्ये जाऊ शकते. आधी क्वालिस आणि मग इनोव्हा चालवून घडलेला हात निदान महिनाभर तरी उजवीकडेच जाणार. हे तवंदी घाटात ट्रकला ओव्हरटेक करताना कळण्यापेक्षा फौंड्रीच्या आवारात कळलेलं बरं नाही का? धाकट्या साहेबांना हे लक्षात यायचं कारण नाही, ते ट्रायलभर स्क्रीनशी खेळत होते. मर्सिडीजच्या आतले दिवे ६४ रंगांत बदलतात, हे मात्र त्यांनी घरी सगळ्यांना सांगितलं.

आता गंमत बघा. पप्पांना मी विचारलं, तुम्हाला कोणती? मला वाटलं होतं बीएमडब्ल्यू म्हणतील. चालवणाऱ्याची गाडी म्हणून मी स्वतः डोळे मिटून थ्री सीरीज घेईन. तिचं स्टिअरिंग, तिचं वळणं, याबद्दल जे वाचलंय ते खोटं असेल असं वाटत नाही. पप्पा म्हणाले, "सी-क्लास. डिझेल." का? तर मागे बसून त्यांनी तेवढंच पाहिलं होतं: स्पीडब्रेकरवर साहेबांची मान किती हलते. सी२२०डीचा टॉर्क ४४० न्यूटन-मीटर, हा आकडा मी सांगितला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे घाटात इंजिन ओरडणार नाही. साहेब झोपून राहतील." निपाणी गेल्यावर झोपलेले साहेब थेट पुण्यात उठले, तर तो दिवस चांगला गेला, असा त्यांचा हिशोब आहे. दांडीचं सांगितलं तर म्हणाले, "आठ दिवस रिकामी गाडी दिली तर हात बसेल." मग थोडं थांबून, "सीट खाली आहे दोन्हींची." दिवसातून वीस वेळा उतरून मागचं दार उघडणाऱ्या माणसाचे गुडघे ते बोलत होते. असलं एखाद्या गाडीच्या परीक्षणात मी तरी अजून वाचलेलं नाही.

तर आमचं दोघांचं जमत नाही. पण मुद्दा कोणाची निवड बरोबर हा नाहीच. सेकंद, रंग, किंमत यांच्यापलीकडची माहिती त्या बैठकीत एकाच माणसाकडे होती आणि त्याला कोणी विचारलं नाही. आपण साहित्याची पोरं महाभारत वाचतो. कृष्णाकडे दोघे मागायला गेले. दुर्योधनाने सेना घेतली, अर्जुनाने शस्त्र न उचलणारा सारथी. कर्णालासुद्धा शेवटी हट्टाने मागावासा वाटला तो शल्य, रथ हाकायला. (शल्याने वाटेत काय काय सुनावलं ते सोडा. पप्पा तसं कधी बोलणार नाहीत.)

पैसे साहेबांचे, मग पसंतीही त्यांचीच, हे मला मान्य आहे. रविवारी स्वतः चोर्ला घाटातून गोव्याला जाणारा मालक असेल तर त्याने स्वतःच चालवून बघावी आणि माझ्या मते थ्री सीरीज घ्यावी. पण आमचे साहेब गेल्या पाच वर्षांत स्टिअरिंगला बसलेले नाहीत. गाडीत ते झोपतात, आणि त्या झोपेत त्यांचा जीव पप्पांच्या हातात असतो.

बुकिंग झालंय. कोणत्या गाडीचं, ते धाकट्या साहेबांनी अजून गुपित ठेवलंय. डिलिव्हरीच्या वेळी शोरूमची माणसं सगळी बटणं नीट समजावून देतात म्हणे. त्या दिवशी पुढे बसू द्या, एवढं तरी साहेबांना सांगा, असं मी पप्पांच्या मागे लागलेय. त्यांनी अजून सांगितलेलं नाही. तो दिवस रविवारी आला तर मिस्सा सकाळी सहाचा करू, एवढंच म्हणाले.