शेवटची पंगत

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी वसतिगृहातल्या संगणकावर बसलो, तर पडद्यावर उत्तर आले, ‘या पत्त्यावरून फार अर्ज आले आहेत, नंतर प्रयत्न करा.’ माझा तर तो पहिलाच अर्ज! चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. आम्हां सगळ्या मुलांना मिळून इंटरनेटच्या जगात एकच पत्ता आहे. चौघांनी घाई केली की दार सर्वांनाच बंद.

मित्रहो, ही दैना का व्हावी? इंटरनेटवर यंत्राला ओळखायचे तर आकडी पत्ता लागतो. आय. पी. व्ही. ४ या जुन्या पद्धतीत असे पत्ते होतात सुमारे ४२९ कोटी. जगाची लोकसंख्या याच्या जवळजवळ दुप्पट आहे! त्यात आरंभीची वाटणी पहा. मापे तीनच : २५६, ६५ हजार किंवा थेट १ कोटी ६७ लाख. दोन हजार हवे असणाऱ्याच्या पदरात ६५ हजार पडत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या एका संस्थेकडे सर्वांत मोठे माप होते. त्यातला न वापरलेला मोठा हिस्सा तिने २०१७ साली विकायला काढला. यात लबाडी कोणाची नव्हती. पहिल्या पंगतीला मागे किती माणसे उभी आहेत हे दिसतच नाही.

१९९३ साली मापे लवचीक झाली, आणि पुढे ‘गरज दाखवा, तेवढेच न्या’ हा नियम रूढ झाला. नियम न्याय्य वाटतो. पण गरज दाखवणार कोण? जो आज दारात उभा आहे तोच. जो अजून जन्मालाच आला नाही त्याने कागद कुठून आणायचे?

३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठा संपला. आशिया-पॅसिफिकचे वाटप पाहणारी ‘एपनिक’ ही संस्था त्याच वर्षी १५ एप्रिलला आपल्या शेवटच्या गठ्ठ्यावर आली, आणि तिने वाढपाची रीतच बदलली. मागणारा लहान असो की मोठा, १,०२४ पत्त्यांवर एकही नाही. २०१९ मध्ये हा आकडा ५१२ वर आणला.

माझ्या मते साऱ्या इतिहासात हाच नियम सर्वांत शहाणपणाचा. आमचा एक मित्र म्हणतो, ‘कोटी ग्राहकांच्या कंपनीला आणि तालुक्यातल्या केबलवाल्याला सारखेच? हा कसला न्याय?’ मला त्याचे पटत नाही. मोठ्या कंपनीजवळ नव्या आय. पी. व्ही. ६ पद्धतीकडे वळायला पैसा आहे, बाजारातून पत्ते घ्यायची ऐपत आहे. (२०११ सालीच नॉर्टेल या दिवाळखोर कंपनीचे ६ लाख ६६ हजार पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरना घेतले!) केबलवाल्याला मात्र जुन्या जगाशी बोलायला थोडे तरी जुने पत्ते हवेतच. ते राखून ठेवले नसते तर त्याने धंदा सुरू करण्याआधीच गुंडाळला असता.

नव्या पद्धतीत पत्त्यांना तोटा नाही, आणि भारतात तिचा प्रसारही चांगला आहे. आमच्या वसतिगृहाची जोडणी मात्र अजून जुनीच. माझा अर्ज शेवटी मित्राच्या मोबाइलवरून गेला, मुदतीच्या आदल्या रात्री.