एका चुलीचे दगड

खानदेशातल्या माणसाला समुद्राचे काय कौतुक असणार! आमच्या तापीलासुद्धा समुद्र गाठायला गुजरातेत जावे लागते. धुळ्या-जळगावकडे पाणी म्हणजे विहिरीचे, पाटाचे, नाहीतर आभाळाची मर्जी होईल तेव्हाचे. अशा मुलखातला मी मालवाहू बोटीवर इंजिनिअर झालो आणि सतरा वर्षे पाण्यावर बिऱ्हाड थाटून आहे, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहेच. माझ्या वडिलांना मात्र ते अजून पटलेले नाही. "ज्याच्या पायाखाली वावर नाही त्याला पत्ता नाही," असे नानांचे मत. माझ्या पत्रांवर दर वेळी निराळ्या बंदराचे नाव पाहून ते अधिकच पक्के होत गेले.

गेल्या वैशाखात आमची बोट दुरुस्तीसाठी मॉरिशस बेटावर, पोर्ट लुईच्या धक्क्याला तीन आठवडे अडकून पडली. सौ. माझ्याबरोबर बोटीवरच होती. शेते मोकळी होती, तेव्हा नाना, माय आणि भूगर्भशास्त्र शिकणारी माझी भाची अशी तिघे मुंबईहून विमानाने येऊन पोहोचली. बोटीवर पाहुण्यांना रात्री राहता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी गावात दोन खोल्या घेतल्या. मायने आमची कॅबिन पाहिली, बिछान्याला लावलेली फळी चाचपली आणि सुनेला विचारले, "ही काय, पाळण्यातल्या पोरासारखी पडू नये म्हणून?" नाना इंजिनघरात उतरले. आमच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर आहे, तिचा त्यांना फार अभिमान. या इंजिनाची ताकद अकरा हजार आहे असे सांगताच ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "हिने किती विहिरी उपसल्या असत्या!"

परंतु नाना केवळ बेट पाहायला आले नव्हते. त्यांच्या पिशवीत कागद होते. लळिंगच्या पायथ्याशी आमची नऊ एकर जमीन आहे. सातबाऱ्यावर नानांबरोबर माझेही नाव आहे. गिऱ्हाईक आले होते, भाव बरा होता. "तू काही नांगर धरणार नाहीस. मी किती दिवस धरू? एकदाची सही कर," एवढेच ते म्हणाले. मी "बघू" म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी गाडी ठरवून सगळ्यांना बेट दाखवायला निघालो.

मॉरिशस हे ज्वालामुखीने समुद्रातून वर काढलेले बेट. त्याचे वय सुमारे ८० ते ९० लाख वर्षे. क्यूरपीप गावात त्रू ओ सेर्फ नावाचे एक विवर आहे. त्याच्या काठावर रस्ता आहे, आत दाट झाडी आहे आणि तळाशी थोडे पाणी साचलेले असते. निजलेला ज्वालामुखी म्हणून भाचीने ते दाखवले तेव्हा माय दोन पावले मागे सरली आणि जोड्याचा आवाज न करता चालू लागली. शामारेलला गेलो. तिथे उघड्या टेकड्यांवर तांबडी, तपकिरी, जांभळी, पिवळी अशी निरनिराळ्या रंगांची माती पसरली आहे. काळा दगड लाखो वर्षांच्या पावसाने कुजून त्याची ही माती झाली. लोहाच्या अंशाने ती लाल झाली. नानांनी ती लांबूनच न्याहाळली आणि निकाल दिला, "दिसायला छान. कपाशी यायची नाही."

वाटेत धोलपुरी खाल्ली. बेटावर ती रस्त्याच्या कडेला गाड्यांवर मिळते. पोळीत डाळीचे सारण भरलेले असते, वर तिखट रस्सा. खापरावरचे मांडे करणारी आमची माय म्हणाली, "ही तर पुरणपोळी, गूळ विसरलेली." बिहारकडून ऊसमळ्यात कामाला आलेल्या लोकांनी ही पोळी इथे आणली. गुलामगिरी १८३५ मध्ये या बेटावर बंद झाली. मळ्यांना मजूर हवे होते म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारावर माणसे आणायला सुरुवात झाली होती. मुंबई बंदरातून आलेल्यांत आपली कोकणची मंडळी पुष्कळ होती. पोर्ट लुईत ज्या ठिकाणी ही माणसे उतरत, त्या आप्रवासी घाटाच्या सोळा दगडी पायऱ्या अजून आहेत. २००६ साली त्या जागेची जागतिक वारशात नोंद झाली. नाना त्या पायऱ्यांपाशी उभे राहिले, पण काही बोलले नाहीत.

ते बोलले ते पश्चिमेकडच्या उसाच्या रानात. तिथे उसाला तुरे आले होते आणि मधूनमधून काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले दिसत होते, काही तर घराएवढे उंच. जमीन लागवडीला आणताना मजुरांनी हातांनी दगड वेचून हे ढीग घातले. नानांनी गाडी थांबवायला लावली. एक दगड उचलून, फिरवून पाहिला आणि त्यांच्या तोंडून घरची अहिराणी निघाली, "हाऊ ते आपला लळिंगना दगड शे!"

भाचीने तो हातात घेतला. "नाना, तुमचे खरे आहे," ती म्हणाली, "फरक इतकाच की याची भोके रिकामी आहेत. आपल्याकडच्या दगडांत ती पांढऱ्या गारांनी भरली आहेत, कारण आपला दगड फार म्हातारा." मग तिने ढिगावर बसून जे सांगितले ते असे. पृथ्वीच्या पोटातली एक भट्टी एका जागी पेटलेली आहे आणि वरचे कवच तिच्यावरून सरकते आहे. दिव्यावरून कापड हळूहळू ओढत न्यावे आणि त्याला ओळीने करपल्याचे डाग पडावेत, तसे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपला देश त्या भट्टीवर होता. तेव्हा जो लाव्हा वाहिला त्यानेच दख्खनचे काळे पठार झाले. आज शिल्लक आहे तेवढेच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरते. अजिंठ्याची लेणी त्याच दगडात कोरलेली आणि आपली काळी मातीही त्याच दगडाची. पुढे देश उत्तरेला सरकला आणि मागे मालदीव, चागोस अशी बेटांची रांग उमटत गेली. मग मॉरिशस झाले. आज ती भट्टी शेजारच्या रेयुनियन बेटाखाली आहे असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक आहे.

"म्हणजे आपले वावर इथून गेले?" नानांनी विचारले.

"इथूनच म्हणा ना. वावरसुद्धा फिरतीवर होते, नाना!"

नाना हसले, पण मला दिसले की तो शब्द त्यांना कुठेतरी लागला होता.

इतक्यात उसाच्या बांधावरून एक वृद्ध गृहस्थ आले. आमचे बोलणे ऐकून त्यांनी शाळेत शिकलेल्या नीटस मराठीत विचारले, "आपले गाव कुठले?" त्या भागात मराठी कुटुंबे बरीच आहेत, जवळच कास्कावेलला त्यांचे महाराष्ट्र भवन आहे. नानांनी गाव सांगितले, तालुका सांगितला, जिल्हा सांगितला आणि भरीला शेताचा गट नंबरही सांगितला. मग उलट विचारले, "आणि तुमचे?"

ते गृहस्थ म्हणाले, "कागदावर बोटीचे नाव आहे. पणजोबांचा नंबर आहे. बंदर मुंबई. गावाचे नाव मात्र लिहिणाऱ्याने असे लिहिले आहे की आजवर कुणाला ते गाव सापडले नाही. माझा मुलगा दोनदा जाऊन शोधून आला." एवढे सांगून त्यांनी आमच्या हातावर उसाची कांडकी ठेवली. गणपतीला या, म्हणाले. चतुर्थीला इथे सरकारी सुटी असते.

परतीच्या वाटेवर नाना बोलले नाहीत. रात्री बोटीवर जेवण झाले, त्यांच्या परत जायची वेळ झाली, तेव्हा त्यांनी पिशवीतले कागद काढून नीट घडी केली आणि पुन्हा आत ठेवले. "वावर इकानं नही," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "निम्म्या वाट्याने कुणाला तरी करायला देऊ. तू बोटीवर राहा, तुझे काम मी पाहिले. पण उताऱ्यावर नाव राहू दे. उद्या कुणी विचारले तर पोरांना गाव सांगता आले पाहिजे."

सतरा वर्षांत नानांनी माझ्या कामाला काम म्हटले ते त्या रात्री पहिल्यांदा. आता कराराचा कागद झाला आहे आणि यंदा आमच्या नऊ एकरांत कपाशी दुसऱ्याच्या हातची आहे. असो.

वाचकहो, दिवाळीच्या सुटीत आग्रा रोडने धुळ्याकडे जाणे झाले, तर लळिंगच्या किल्ल्याशी थोडे थांबा. धुळे आणि नंदुरबारच्या मुलखात पूर्व-पश्चिम धावणाऱ्या काळ्या दगडी भिंती दिसतील. लहानपणी आम्हांला सांगत, राक्षसांनी त्या रातोरात रचल्या. खरे म्हणजे जमिनीच्या भेगांतून वर चढता चढता थिजलेला तो लाव्हा आहे. भोवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि या भिंती उघड्या पडल्या. अशा दोनशेहून अधिक भिंती मोजल्या गेल्या आहेत, आणि काही तर पन्नास किलोमीटरहून लांब आहेत. त्यांवर जरा हात ठेवून पाहा. दगड आता थंड आहे. पण ज्या चुलीवर तो शिजला ती चूल चार हजार किलोमीटरहून दूर, समुद्रापार अजून पेटलेली आहे, आणि तिच्या शेजारच्या बेटावर आपली माणसे गणपती बसवतात.

आपणां सर्वांना ही दिवाळी सुखाची जावो.