भात, बिस्कीट आणि चहा : स्वमग्न मुलाच्या ताटाकडे कोण पाहणार?

कोरडा भात, ठरलेले एकच बिस्कीट आणि चहा. भाजी वाढली की ताट भिरकावले जाते. ऑटिझम म्हणजेच स्वमग्नता असलेले मूल ज्या घरात आहे, तिथे हे चित्र नवे नाही. शेजारी याला लाड म्हणतात, घरचे हट्ट. मात्र पदार्थाचा वास, रंग, चिकटपणा यांपैकी अनेक मुलांना फार तीव्रतेने जाणवतो, म्हणून ती दोन-चार ओळखीच्या पदार्थांपलीकडे जात नाहीत. पोट भरते, वजनही बरे दिसते. पण लोह, कॅल्शियम, ‘क’ आणि ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडू शकते.

या कमतरतेमुळे ऑटिझम होतो, असे सिद्ध झालेले नाही. महागड्या पावडरींनी तो बराही होत नाही. मग तपासणी कशासाठी? कारण काय दुखते, हे यातल्या अनेक मुलांना सांगता येत नाही. लोह घटले की झोप बिघडते, चिडचिड वाढते, काही मुले माती खातात. घरचे म्हणतात, ‘त्याचे असेच असते.’ ‘क’ जीवनसत्त्व जवळपास न मिळाल्याने काही स्वमग्न मुलांनी चालणेच सोडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तो स्कर्व्ही होता. पेरू, आवळा, लिंबाने टळणारा आजार!

केज तालुक्यात आणखी एक अडचण आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला. त्याच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासायची असतात. या तपासणीत जीवनसत्त्वांची कमतरताही येते आणि ऑटिझमही. योजना चांगलीच आहे. पण ऊसतोड मजुराचे मूल दिवाळीच्या सुमारास आई-वडिलांबरोबर कारखान्याच्या भागात जाते. पथक गावात, मूल कोपीवर! त्यामुळे मजूर परतल्यावर या मुलांसाठी वेगळी फेरी हवी. नुसती हजेरीपटावरची मुले मोजून भागणार नाही.

पालकांनी काय करावे? अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. तिथे किंवा बालरोगतज्ज्ञांकडे आधी रक्त तपासून घ्यावे, औषध नंतर. ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्व मनाने जास्त दिले तर अपाय होतो. कुणी सांगितले म्हणून दूध-गहू बंद करणेही धोक्याचे. दूध गेले की कॅल्शियमचा मोठा आधार जातो.

जेवणाबरोबरचा चहा मात्र थांबवावा, तो लोह अंगी लागू देत नाही. भाकरी खात असेल तर त्याच पिठात चिमूटभर तिळाचे कूट घालून पाहावे. बळजबरी नको, नाहीतर आवडीचा पदार्थही सुटतो. दवाखान्यात जाताना आठवडाभरात मुलाने काय-काय खाल्ले ते, अगदी बिस्किटाच्या नावासह, लिहून न्यावे.