नाव बँकेचे, पत्ता कुणाचा?

‘केवायसी अपूर्ण, खाते आज बंद होईल’ असा ईमेल आला की घाई करू नका. भामट्यांना तीच हवी असते. मोबाइलवर पाठवणाऱ्याचे फक्त नाव दिसते आणि ते बँकेचे कोणीही ठेवू शकतो. नावावर टॅप करून पूर्ण पत्ता पाहा. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांना संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’वर नेण्यास सांगितले होते. संकेतस्थळाच्या नावाचा शेवट असा नसेल, तर संशय घ्या. पत्ता बरोबर वाटला तरी लिंक नको. बँकेचे अ‍ॅप स्वतः उघडा. ओटीपी आपणच दिला, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपल्याच माथी येते. म्हणून फसल्यास लाजू नका, तत्काळ बँकेला आणि १९३० वर कळवा. बँकांनीही ग्राहकांना ईमेलमधून लिंक पाठवणे थांबवावे.