व्यक्ती तितक्या प्रकृती, मागणी मात्र एकच

शिष्टमंडळ घेऊन जाण्याची आपल्याकडे एक ठरून गेलेली रीत आहे. समोर तहसीलदार असो, साखर कारखान्याचा कार्यकारी संचालक असो की पालकमंत्री. आपण आत शिरतो, निवेदन टेबलावर ठेवतो आणि आदल्या दिवशी चौकातल्या सभेत केलेले भाषण पुन्हा करतो. सभेत टाळ्या पडल्या, म्हणजे दालनातही ते चालेल अशी आपली समजूत. बाहेर आल्यावर ‘चांगलं सुनावलं’ म्हणून एकमेकांची पाठ थोपटतो. मागणीचे काय झाले, असे कोणी विचारले तर उत्तर असते, ‘बघतो म्हणाले.’

सगळी गुरे एकाच काठीने हाकता येत नाहीत, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. एक बैल नुसत्या आवाजाने चालतो, दुसऱ्याच्या पाठीवर हात ठेवावा लागतो, तिसरा चाबूक दिसला की बसकण मारतो. बैलाचा स्वभाव ओळखणारे आपण, माणसाचा स्वभाव ओळखायला मात्र कंटाळतो. आंदोलन जोरात झाले आणि पदरात थोडेच पडले, असे जिथे जिथे घडते तिथे बाकीच्या कारणांबरोबर हेही एक कारण असते, असे आम्हाला वाटते.

यावर आक्षेप ठरलेला आहे. माणूस पाहून बोलणे हा तर पुढाऱ्यांचा धंदा! शेतकऱ्यापुढे एक, व्यापाऱ्यापुढे दुसरे. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. पुढारी माणसागणिक आश्वासन बदलतो. आपण मागणी तीच ठेवायची आणि ती मांडायची रीत बदलायची. याची कसोटी सोपी आहे. एकाशी आपण जे बोललो ते दुसऱ्याने भिंतीआडून ऐकले, तर आपल्याला मान खाली घालावी लागेल का? लागत नसेल तर तो शहाणपणा, लागत असेल तर ती लबाडी.

या शहाणपणाचे एक मोठे उदाहरण जगाच्या राजकारणात आहे, आणि ते घडवणारा मध्यस्थ भुईमुगाच्या धंद्यातून आलेला शेतकरी होता. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सप्टेंबर १९७८ मध्ये इजिप्तचे अन्वर सादात आणि इस्रायलचे मेनाकेम बेगिन यांना कॅम्प डेव्हिड येथे बोलावले. बैठक १३ दिवस चालली. बोलावण्याआधी कार्टर यांनी दोघांच्या स्वभावाचा अभ्यास करवून घेतला होता. बेगिन हे कायदा शिकलेले. एकेका शब्दावर अडणारे, कागदातला स्वल्पविरामही तपासून पाहणारे. सादात नाईलच्या खोऱ्यातल्या खेड्यात जन्मलेले. मोठा निर्णय एका दमात घेणारे, बारीकसारीक कलमांचा कंटाळा असणारे. दोघांना समोरासमोर बसवले तेव्हा भांडणच झाले. तिसऱ्या दिवसानंतर कार्टर यांनी त्यांना वाटाघाटीसाठी एकत्र बसवले नाही. मसुदा घेऊन ते स्वतः आणि त्यांची माणसे या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. विसाहून अधिक वेळा मसुदा बदलला.

सादात सामान बांधून निघाले, तेव्हा कार्टर यांनी त्यांना कलमे वाचून दाखवली नाहीत. आपल्या दोघांची मैत्री इथे संपेल, असे तोंडावर सांगितले. सादात थांबले. बेगिन यांच्यापुढे मैत्रीची भाषा चालणारी नव्हती. सिनाईतील इस्रायली वसाहती उठवणार नाही, अशी त्यांची शपथ होती. ती मोडा, असे त्यांना कोणी म्हणाले नाही. हा प्रश्न संसदेपुढे ठेवावा आणि पक्षाच्या सदस्यांना मत द्यायला मोकळे सोडावे, अशी वाट काढली गेली. त्यांचा शब्द राहिला आणि अडलेली गाडी पुढे गेली. शेवटच्या दिवशी जेरुसलेमबद्दलच्या एका पत्रावरून सगळे मोडायची वेळ आली. बेगिन यांनी नातवंडांसाठी सहीची छायाचित्रे मागितली होती. कार्टर यांनी प्रत्येक नातवंडाचे नाव मिळवले, ते त्या त्या छायाचित्रावर लिहिले आणि ती स्वतः नेऊन दिली. ती नावे वाचताना बेगिन यांचा आवाज कापला. त्यानंतर बोलणे पुन्हा सुरू झाले. १७ सप्टेंबरला सह्या झाल्या, २६ मार्च १९७९ रोजी दोन्ही देशांत तह झाला, आणि १९८२ मध्ये इस्रायलने सिनाई सोडले.

एवढे सांगून थांबलो तर ही मध्यस्थाची आरतीच होईल. दोन गोष्टी तिथेही राहून गेल्या, आणि त्या आपल्या अधिक कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट कागदाची. पश्चिम किनाऱ्यावर नव्या वसाहती थांबवण्याचे बोलणे रात्री उशिरा तोंडी झाले. स्वायत्ततेची बोलणी संपेपर्यंत वसाहती थांबतील, असा कार्टर यांचा समज. बेगिन यांच्या म्हणण्याप्रमाणे ती मुदत फक्त तीन महिन्यांची. सह्यांच्या आधी हे कागदावर नक्की झाले नाही, आणि वसाहती पुढे वाढत गेल्या. जो माणूस शब्दाशब्दावर अडतो त्याच्याकडून तो शब्द आधी लिहून घ्यावा, हे त्या स्वभावाचा एवढा अभ्यास करूनही निसटले.

दुसरी गोष्ट याहून मोठी. ज्यांच्या भविष्याचा मसुदा तिथे लिहिला गेला ते पॅलेस्टिनी त्या बैठकीत नव्हतेच. दोन बलवानांच्या स्वभावाला जपताना, तिसरा खोलीबाहेर राहिला. त्यांच्यापुरता तो मसुदा कागदावरच राहिला.

आता आपल्या देशाकडे येऊ. दिल्लीच्या सीमेवरचे २०२०-२१ चे आंदोलन आठवा. त्या तीन कायद्यांबद्दल शेतकऱ्यांत एकमत नव्हते. इथे प्रश्न फक्त बोलण्याच्या रीतीचा आहे. सरकारला कलमवार चर्चा हवी होती. कलमवार चर्चेत मुरलेला अधिकारीच जिंकतो, हे समोरच्यांनी ओळखले. ५ डिसेंबर २०२० च्या फेरीत नेते मौन धरून बसले आणि ‘हो की नाही’ एवढेच लिहिलेले कागद त्यांनी हातात धरले. चर्चेच्या ११ फेऱ्या झाल्या. टेबलाच्या अलीकडे बसलेल्यांत तापट, शांत, कायदेतज्ज्ञ, गावरान असे सगळे स्वभाव होते. मागणी एकच राहिली. नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घेतले गेले. ९ डिसेंबरला, सरकारचे पत्र हातात पडल्यावरच, आंदोलन स्थगित झाले.

महाराष्ट्रातला मार्च २०१८ चा नाशिक–मुंबई मोर्चाही याच दृष्टीने पाहावा. त्या मोर्चाला मंत्रालयाशी बोलायचे होते, तसे मुंबईशीही बोलायचे होते. दहावीच्या परीक्षा सुरू होत्या. दिवसभर चाललेली माणसे रात्रीही चालत राहिली आणि पहाटे आझाद मैदानावर पोचली. मुलांचा पेपर चुकू दिला नाही. मुंबईकर पाणी आणि चपला घेऊन रस्त्यावर आले. कोणत्याही भाषणाने ते झाले नसते. सरकारकडून लेखी घेऊनच मोर्चा परतला.

आता आपल्या जिल्ह्याचे बोलू. ऊस तुटून गेल्यावर १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज मिळाले पाहिजे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. मागणी एवढीच. कार्यकारी संचालक हा कागदाचा माणूस. त्याच्यापुढे आवाज चढवला की तो फाईलमागे लपतो. त्याला गाळपाची तारीख, थकलेली रक्कम आणि कलम दाखवा. चेअरमनला कलम दाखवून उपयोग नाही. त्याला सभासदांची नावे आणि गावे सांगा, वार्षिक सभेत हाच प्रश्न येणार आहे हे शांतपणे सांगा. शेती अधिकारी बहुधा आपल्याच गावचा असतो. त्याला शिव्या देऊन काय मिळणार? त्याला चहाला बोलवा, पैसे कुठे अडलेत ते तोच सांगेल. तिन्ही ठिकाणी आकडा मात्र एकच पाहिजे.

घरातले आणि बांधावरचे तंटे याहून अवघड. तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात सुरू झाली आणि मिटवामिटवीला गावात एक जागा मिळाली. पण मिटवण्याच्या घाईत समितीचे लोक बहुधा मोठ्याने बोलणाऱ्याकडेच पाहतात. दोन भावांत एक तापट असतो, एक घुम्या. तापटाला आधी पोटभर बोलू द्यावे, मध्ये तोडू नये. घुम्याला चारचौघांत विचारू नये. त्याच्या शेतात जाऊन, बांधावर बसून विचारावे. आणि बहीण? ती हक्कसोडपत्रावर सही करताना काहीच बोलत नाही. २००५ च्या दुरुस्तीने तिला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आहे. तिचे गप्प बसणे म्हणजे संमती, असे पंचांनी धरून चालू नये. बायामाणसांपैकी कोणी तरी तिच्याशी वेगळे बसून बोलले पाहिजे. नाहीतर भावाभावांचा समेट होतो आणि त्याची किंमत खोलीबाहेरची बहीण मोजते.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमची सूचना अशी. यापुढे शिष्टमंडळ निघण्याआधी तासभर बसावे आणि चार गोष्टी ठरवाव्यात. समोरचा माणूस कशाने ऐकतो. आपल्यातले कोण बोलणार आणि कोण गप्प बसणार. ठरलेला शब्द कागदावर कोण उतरवणार. आणि ज्याच्यासाठी आपण बोलतोय तो त्या खोलीत आहे की बाहेर. सभेत गाजणारा वक्ता दालनात नेलाच पाहिजे असे नाही, आणि हिशेबात पक्का असलेला अबोल कार्यकर्ता मागच्या बाकावर ठेवण्याचे कारण नाही.

मागणीचा आकडा मात्र निघण्याआधी सगळ्यांनी एकदा मोठ्याने म्हणावा. आतून बाहेर आल्यावर तोच आकडा सगळ्यांच्या तोंडी असला पाहिजे.